आठ पाइंट रक्ताचा हिशेब

१९३५ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये स्लाऊजवळच्या रेडिओ संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉटसन-वॉट यांनी आपला सहायक अर्नोल्ड विल्किन्स याच्याकडे एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत एक गणित होतं. आठ पाइंट पाणी, म्हणजे साधारण साडेचार लिटर, पाच किलोमीटर अंतरावर आणि एक किलोमीटर उंचीवर आहे. त्याचं तापमान ९८ अंश फॅरनहाइटवरून १०५ वर न्यायचं तर रेडिओ लहरींची किती शक्ती लागेल? कशासाठी हवंय, ते लिहिलेलं नव्हतं. विल्किन्सला मात्र ते उमगायला वेळ लागला नाही. आठ पाइंट म्हणजे माणसाच्या अंगातलं रक्त, ९८ म्हणजे धडधाकट शरीराचं तापमान, आणि हवेत किलोमीटरभर उंचीवर असलेला माणूस म्हणजे वैमानिक. कुणाला तरी मृत्युकिरण हवा होता.

तो हवा असणं स्वाभाविक होतं. १९२४ साली ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या संशोधकाने आपल्याकडे असा किरण आहे म्हणून इंग्लंड-फ्रान्सची वर्तमानपत्रं हलवून सोडली होती. १९३४ साली निकोला टेस्ला यांनीही, वयाच्या ७८ व्या वर्षी, तसाच दावा केला होता. ब्रिटिश हवाई खात्याकडे तर असे संशोधक इतके यायला लागले की शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवा आणि हजार पौंड घेऊन जा, असं खात्यानेच सांगून टाकलं. पैसे कुणीच नेले नाहीत. विल्किन्सने आकडेमोड केली. लागणारी शक्ती कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरची होती. पण त्याला आठवलं की टपाल खात्याच्या तंत्रज्ञांनी विमान जवळून गेलं की रेडिओत खरखर होते अशी नोंद केली होती. म्हणजे विमान पाडता आलं नाही, तरी ते कुठे आहे हे कळू शकेल. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री इथे प्रयोग झाला, आणि त्यातून ब्रिटनचं रडार उभं राहिलं.

ही हकिकत रडारच्या जन्माची म्हणून नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच दिसतं. मृत्युकिरणावर गेल्या शंभर वर्षांत वाहिलेल्या शाईत बहुतेकांनी किरणाचाच विचार केला: तो कसा असेल, कुणी लपवला, आराखडे कुठे गेले. किरण ज्या अंगावर पडायचा त्या अंगातल्या रक्ताचं माप काढणारी ती चिठ्ठी मात्र विरळाच. गुप्त शस्त्रांच्या दंतकथांबद्दल माझी जी तक्रार आहे ती इथूनच सुरू होते. त्या खोट्या असतात एवढ्यावर माझं भागत नाही. खोट्या गोष्टी आपण सगळेच आवडीने ऐकतो. तक्रार अशी, की या कथांत यंत्र असतं आणि माणूस नसतो. आणि ज्या शस्त्रांच्या खऱ्या हकिकती माणसांनी भरलेल्या आहेत, त्या या चकचकीत यंत्रांमागे झाकल्या जातात.

दंतकथा कोण पिकवतं, हे आधी बघायला हवं. चावडीवरच्या रिकामटेकड्यांवर सगळा दोष ढकलणं सोयीचं असतं, पण बऱ्याचदा पहिली आवई खुद्द सरकारच उठवतं. बायझंटाइन साम्राज्याचं 'ग्रीक अग्नी' घ्या. इसवी सन ६७२ च्या सुमारास सीरियातून आलेल्या कॅलिनिकोस नावाच्या कारागिराने ते आणलं असं त्या काळचे इतिहासकार सांगतात. नळकांड्यातून फेकायचा, पाण्यावरही जळणारा द्रव. साम्राज्याच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, वेढा घालणाऱ्या अरब आरमाराची त्याने दाणादाण उडवली. पुढे दहाव्या शतकात सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने आपल्या मुलासाठी राज्यकारभाराची शिकवण लिहून ठेवली. परक्यांनी हे अस्त्र मागितलं तर काय सांगायचं, तेही त्यात आहे: म्हणावं, हे देवदूताने पहिल्या ख्रिस्ती सम्राटाला, थोरल्या कॉन्स्टंटाइनला दिलं, आणि ते फक्त याच नगरीत करायचं असा त्याचा हुकूम आहे. लाच खाऊन ते विकणाऱ्या एका अधिकाऱ्यावर चर्चच्या दारातच आकाशातून आग कोसळली, ही गोष्टही सांगायची. थोरला कॉन्स्टंटाइन ३३७ साली वारला होता, म्हणजे अस्त्राच्या तीनशेहून अधिक वर्षं आधी. सम्राटाला हे कळत नव्हतं असं समजायचं कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तो जाणून होता.

मूठ उघडली असती तर काय दिसलं असतं? ८१२ साली बायझंटाइनांचं मेसेम्ब्रिया शहर घेताना त्यांच्या शत्रूच्या, बल्गारांच्या, हाती ही अग्नी फेकायची ३६ नळकांडी आणि द्रवाचा साठाही लागला. त्यांनी ते वापरल्याचं कुठेच दिसत नाही. कारण ते अस्त्र म्हणजे एखादं गुपित सूत्र नव्हतंच. द्रव तापवायची, दाब द्यायची, नळी वळवायची सवय झालेले खलाशी हेच ते अस्त्र होतं. देवदूताच्या गोष्टीत ते खलाशी कुठेच नाहीत.

कधी आवई भाषांतरातून उठते. १९ सप्टेंबर १९३९ रोजी डॅन्झिगच्या भाषणात हिटलरने एका शस्त्राचा उल्लेख केला, आणि लंडनमध्ये त्याचा अर्थ लावला गेला 'गुप्त शस्त्र'. सरकारी यंत्रणा खडबडून जागी झाली. आर. व्ही. जोन्स या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला त्याचा छडा लावायला सांगण्यात आलं. त्याने गुप्तचर खात्याच्या जुन्या फायली उपसल्या, त्यात मृत्युकिरणांपासून काय काय निघालं. मग मूळ भाषण जर्मन जाणणाऱ्या प्राध्यापकाकडून पुन्हा ऐकवून घेतलं. जर्मनमध्ये 'वाफं' म्हणजे शस्त्र, आणि सैन्याचं एक अंगही. हिटलर बहुधा आपल्या विमानदलाबद्दल, 'लुफ्तवाफं'बद्दल, बोलत होता. ध चा मा झाला होता, तोही कुणी मुद्दाम न करता.

मुद्दाम करणारेही होतेच. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य इंग्लिश खाडीपलीकडे उभं असताना ब्रिटिशांनी कानगोष्टी पेरायचं रीतसर खातंच चालवलं होतं. अशा अफवांना आतल्या मंडळींत 'सिब' म्हणत, लॅटिनमधल्या 'कुजबुज' या शब्दावरून. त्यातली एक अशी: ब्रिटनला समुद्र पेटवता येतो, आणि चढाईचा सराव करणारे जर्मन सैनिक त्यात होरपळले. या अफवेला थोडा आधारही होता. पेट्रोलियम युद्ध विभाग नावाचं खातं खरोखर पाण्यावर तेल ओतून पेटवण्याचे प्रयोग करत होतं. तेवढा आधार पुरला. सफोक किनाऱ्यावरच्या शिंगल स्ट्रीट या वस्तीतून लोकांना हलवलं होतं, तिथे जळालेली जर्मन प्रेतं वाहून आली अशी कथा रुजली ती कायमची. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांनी ओरड केल्यावर त्या वस्तीची सरकारी फाईल मुदतीआधी उघडावी लागली. आत निघाले ते गावकऱ्यांना हलवण्याचे कागद. शत्रूला ऐकवायला सोडलेली कुजबुज आपल्याच लोकांच्या कानात पन्नास वर्षं घुमत राहिली होती.

सरकारं खोटं का बोलतात, याला युद्धात कारण असतं हे मी नाकारत नाही. ८ सप्टेंबर १९४४ ला जर्मनीचं पहिलं व्ही-२ रॉकेट लंडनच्या चिझिक भागात पडलं तेव्हा नेम कुठे लागला हे जर्मनांना कळू नये म्हणून सरकार गप्प बसलं, आणि गॅसची नळी फुटली अशी चर्चा खुशाल होऊ दिली. लंडनकर कसले ऐकतात. गॅसच्या नळ्या हल्ली उडत येतात, असं ते म्हणू लागले. चर्चिल यांनी खरं सांगितलं ते १० नोव्हेंबरला. आता दोन महिने ज्याला तोंडावर खोटं सांगितलं, त्याने पुढच्या वेळी सरकारी खुलाशावर विश्वास का ठेवावा? 'लपवतायत म्हणजे काहीतरी आहे' हे तर्कट आपण हसण्यावारी नेतो, पण ते लोकांना सरकारांनीच शिकवलेलं आहे.

फिलाडेल्फियाची गोष्ट मी शाळेत असताना एका जुन्या मासिकात वाचली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करतो. १९४३ साली अमेरिकी नौदलाने 'एल्ड्रिज' नावाची विनाशिका अदृश्य केली, ती एका बंदरातून दुसऱ्या बंदरात क्षणात पोचली, आणि परत आली तेव्हा काही खलाशी तिच्या पोलादी डेकमध्ये अर्धे रुतलेले होते! या कथेचा उगम एका माणसाने १९५५-५६ च्या सुमारास मॉरिस जेसप या लेखकाला लिहिलेल्या पत्रांत आहे. त्याआधी तिचा मागमूस नाही. जहाजाच्या नोंदवहीप्रमाणे ते त्या काळात फिलाडेल्फियाला नव्हतंच. १९५१ साली ते ग्रीसला देऊन टाकलं. अदृश्य होणारं जहाज कुणी असं देऊन टाकतं का, हा प्रश्न शाळेतल्या मला पडला नाही.

पण त्या कथेच्या गाभ्यात एक खरी गोष्ट आहे, आणि मला आता तीच जास्त रंजक वाटते. पोलादी जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारा एक भलामोठा लोहचुंबक. त्याचं चुंबकत्व जाणवलं की फुटणारे सुरुंग जर्मनांनी १९३९ मध्ये टेम्सच्या मुखाजवळ टाकायला सुरुवात केली. २३ नोव्हेंबरला शूबरीनेसच्या चिखलात असा एक सुरुंग सापडला. जॉन उव्हरी या नौदल अधिकाऱ्याने ओहोटीच्या वेळात, हातातल्या अवजारांनी तो उघडला. आत काय आहे हे समजल्यावर उपायही समजला: जहाजाभोवती तारेची वेटोळी घालायची, त्यातून वीज सोडायची, जहाजाचं चुंबकत्व मारायचं. मग जहाज सुरुंगाला 'दिसत' नाही. गोदीतल्या एखाद्या कामगाराने 'तारा गुंडाळून जहाज अदृश्य करतात' असं घरी सांगितलं असेल तर तो खोटं बोलला नव्हता. फक्त 'कुणाला अदृश्य' हे शब्द वाटेत गळाले. चिखलात गुडघे टेकून, कुठला स्क्रू आधी काढायचा याचा विचार करणारा उव्हरी मला डेकमध्ये रुतलेल्या त्या निनावी खलाशांपेक्षा कितीतरी थरारक वाटतो. पण ती दुसरी गोष्ट जगभर पोचली, आणि उव्हरीचं नाव नौदलाच्या इतिहासात रस असणाऱ्यांपुरतं राहिलं.

इथे कुणी म्हणेल, खरी शस्त्रं काही कमी विचित्र होती का? अगदी रास्त. अमेरिकेत एका दंतवैद्याने वटवाघळांच्या अंगाला छोटे आगबॉम्ब बांधून ती जपानी शहरांवर सोडायची कल्पना मांडली. हा माणूस वेडा नाही, अशी शिफारस राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी केली, आणि १९४३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या चाचणीत सुटलेल्या वटवाघळांनी अमेरिकेचाच एक विमानतळ जाळला. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांना बॉम्बचा नेम धरायला शिकवलं. ब्रिटिशांनी बर्फात लाकडाचा भुसा मिसळून विमानवाहू जहाज करायचं ठरवलं आणि कॅनडातल्या पॅट्रिशिया तळ्यात त्याची हजार टनांची प्रतिकृती उभी केली. ही यादी वाचून कुणाला मृत्युकिरण अशक्य का वाटावा?

शिवाय गुपितं खरोखर राखलीही जातात. ब्रिटनच्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात युद्धाच्या अखेरीस सुमारे नऊ हजार माणसं जर्मन संकेत फोडायच्या कामात होती, आणि हे गुपित १९७४ पर्यंत टिकलं. नवऱ्याने बायकोला सांगितलं नाही, बायकोने नवऱ्याला सांगितलं नाही. त्यामुळे 'इतकं मोठं गुपित राहूच शकत नाही' हा दंतकथांवरचा ठरावीक वार मला लंगडा वाटतो. राहू शकतं. फरक पुढे पडतो. ब्लेचलीचं गुपित फुटलं तेव्हा एकेक कागद, एकेक यंत्राचा सुटा भाग, एकेक म्हातारी बाई बाहेर आली आणि सगळं एकमेकांत चपखल बसत गेलं. दंतकथेचं उलट असतं. दर दहा वर्षांनी ती मोठी होते, पण तिच्यात एकही नवा खिळा सापडत नाही.

खऱ्या गोष्टीचे खिळे सापडतातच. म्हैसूरच्या लोखंडी नळीच्या रॉकेटांनी १७८० साली पोल्लिलूरला ईस्ट इंडिया कंपनीची फौज हादरवली. त्यांच्याबद्दल अतिशयोक्ती पुष्कळ झाली, पण २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावात एका जुन्या विहिरीच्या गाळातून हजारभर रॉकेटं निघाली. अणुबॉम्बच्या वेळी सव्वा लाख माणसं आणि दोन अब्ज डॉलर लागले, आणि पहिल्या चाचणीचा स्फोट दारूगोळ्याचं कोठार उडालं असं सांगून दडपला गेला. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच. कोडॅक कंपनीच्या फिल्मांवर अचानक ठिपके दिसू लागले, कारण इंडियानातल्या गिरणीच्या पुठ्ठ्यात किरणोत्सारी धूळ उतरली होती. आणि त्याच्याही तीन वर्षं आधी, १९४२ साली, सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ ग्योर्गी फ्ल्योरोव्ह याच्या लक्षात आलं की अमेरिकी आणि ब्रिटिश नियतकालिकांत अणुविखंडनावरचे लेख यायचेच बंद झालेत. त्याने स्टालिनला पत्र लिहिलं. गुपिताची शांतताही कुठेतरी उमटते, ऐकणारा हवा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सगळ्या दंतकथांत आज सर्वांत जास्त खपते ती नाझी जर्मनीच्या 'चमत्कारी शस्त्रां'ची. उडत्या तबकड्या, अंटार्क्टिकातले तळ, आणि 'डी ग्लोके', म्हणजे घंटेच्या आकाराचं गुरुत्वाकर्षणाला झुगारणारं यंत्र. या घंटेचा पहिला गाजावाजा २००० साली झाला, पोलिश पत्रकार इगोर विटकोव्स्की यांच्या लेखनातून. आधार काय, तर एसएस या नाझी निमलष्करी दलातल्या एका अधिकाऱ्याच्या चौकशीचे कागद, जे त्यांना दाखवले गेले पण इतर कुणालाच आजवर बघायला मिळालेले नाहीत. पोलंडमधल्या लुडविकोविट्से गावाजवळ एक गोल काँक्रीटचा सांगाडा उभा आहे. घंटा तिथेच टांगली होती म्हणे. शेजारी खाण आणि वीजकेंद्र होतं, आणि वीजकेंद्राच्या शीतमनोऱ्याचा पाया नेमका असाच दिसतो. तरी लोक तिथे फोटो काढायला जातात.

त्याच डोंगररांगेत, थोड्याच अंतरावर, खरी भुयारं आहेत. नाझींनी त्या कामाला 'रीझं', म्हणजे राक्षस, असं सांकेतिक नाव दिलं होतं. ती खोदायला ग्रोस-रोझेन छळछावणीतले सुमारे १३,००० कैदी आणले, बहुतेक ज्यू. त्यातले अंदाजे ५,००० उपासमारीने, रोगराईने, दगडांखाली मेले. म्हणजे एकाच डोंगरात एक कधीच नसलेलं यंत्र आणि पाच हजार झालेले मृत्यू. यांतलं कुठलं आधी ऐकलंत, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावं. मी घंटेबद्दल आधी वाचलं होतं.

व्ही-२ तर दंतकथा नव्हतीच, पण तिच्याबद्दलही आपण दंतकथेसारखंच बोलतो: काळाच्या पुढचं तंत्रज्ञान, चांद्रयानाची आजी. ती होती हे खरं. पण ती बनत होती हार्ट्‌झ पर्वतातल्या बोगद्यांत, मिटेलबाऊ-डोरा छावणीच्या कैद्यांकडून. त्या छावणीच्या पसाऱ्यात सुमारे ६०,००० माणसं आली, सुमारे २०,००० मेली. व्ही-२ च्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे. शत्रूपेक्षा कारखान्यातच जास्त माणसं मारणारं शस्त्र इतिहासात दुसरं शोधावं लागेल. आणि लष्करी हिशेब? एका रॉकेटच्या टोकाशी टनभर स्फोटकं, तीही कुठे पडतील याचा भरवसा नाही, एकदाच वापरायची. ब्रिटिशांचं लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान सहा टन टाकून परत यायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा निघायचं. वर रॉकेटच्या इंधनातलं अल्कोहोल बटाट्यापासून काढलेलं, त्या भुकेल्या वर्षांत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मग हे 'चमत्कारी' का ठरलं? कारण हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याला ते चमत्कारी ठरायला हवं होतं. १९४४ नंतर जर्मन जनतेला दाखवायला विजय उरले नव्हते, तेव्हा येऊ घातलेल्या शस्त्रांची आशा उरली होती. थोडे दिवस कळ काढा, फासे पालटणार आहेत. ही बोलाचीच कढी होती, पण तिच्या आशेवर लढाई ओढत नेली गेली. युद्धात मेलेल्या जर्मन सैनिकांपैकी जवळपास निम्मे शेवटच्या दहा महिन्यांत मेले. दंतकथा करमणूक असते म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. चमत्कारी शस्त्रांपैकी सर्वांत जास्त काम केलं ते त्यांच्याबद्दलच्या बोलण्याने. ऐंशी वर्षांनी आपण तेच बोलणं पुढे चालवतो, फक्त थरारक संगीत लावून. 'नाझी क्रूर होते, पण काय विज्ञान होतं!' या वाक्यातला 'पण' गोबेल्सच्या कचेरीत घडवलेला आहे.

युद्धानंतर हा 'पण' विजेत्यांनाही सोयीचा वाटला. वर्नर फॉन ब्राउन एसएसमध्ये अधिकारी होते. अमेरिकेत त्यांची ओळख उरली ती अंतराळाचं स्वप्न पाहणारे शास्त्रज्ञ म्हणून. डोरामधलं उत्पादन सांभाळणारे आर्थर रुडॉल्फ पुढे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या प्रकल्पाचे प्रमुख झाले, आणि १९८४ साली चौकशी मागे लागल्यावर नागरिकत्व सोडून अमेरिकेबाहेर गेले. एवढी वर्षं यंत्राचं कौतुक चालू होतं म्हणून ते कुठे बनलं हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही.

याच्याही पुढची पायरी आहे मंचुरियातली. हार्बिनजवळ पिंगफांग इथे जपानी सैन्याची तुकडी ७३१ जैविक शस्त्रं तयार करत होती, शिरो इशी यांच्या हाताखाली. आसपासच्या लोकांना तो लाकडाचा कारखाना आहे असं सांगितलेलं. त्यावरून आतल्या माणसांनी कैद्यांना 'ओंडके' म्हणायला सुरुवात केली. प्लेग टोचून, गोठवून, जिवंतपणी चिरून मारलेल्यांची संख्या किमान ३,००० धरतात. प्लेगच्या पिसवा टाकलेल्या चिनी गावांत मेलेले त्याच्या कितीतरी पट. युद्ध संपल्यावर अमेरिकेने इशी आणि मंडळींना खटल्यापासून अभय दिलं, प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात. १९४९ च्या डिसेंबरात सोव्हिएतांनी खाबारोव्स्कला बारा जणांवर खटला चालवला तेव्हा पाश्चात्त्यांनी तो कम्युनिस्ट प्रचार म्हणून उडवून लावला. म्हणजे खरं गुप्त शस्त्र उघडं पडलं होतं, साक्षीपुराव्यांसकट, आणि त्यालाच दंतकथा ठरवण्यात आलं. जपानी न्यायालयाने जैविक युद्ध झाल्याचं मान्य केलं २००२ साली. नुकसानभरपाई तेव्हाही नाकारली. २०१८ साली जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने तुकडीतल्या ३,६०७ जणांची नावं दिली, ती एका प्राध्यापकाने पाठपुरावा केल्यावर.

हे वाचून कुणी म्हणेल की दंतकथांतही मेलेली माणसं असतातच. घंटेच्या कथेत शास्त्रज्ञांना गोळ्या घातल्या जातात, फिलाडेल्फियात खलाशी पोलादात रुततात. खरं आहे. पण ती माणसं कशासाठी मेली ते बघा. पुरावा का सापडत नाही, याचं उत्तर देण्यासाठी ती मेलेली असतात. साक्षीदार उरले नाहीत, कारण सगळ्यांना मारलं. त्यांना नाव नसतं, गाव नसतं, मागे कुणी वाट बघणारं नसतं. खऱ्या मेलेल्यांचं उलट असतं. त्यांचे नातलग वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं की दंतकथांची खिल्ली उडवत बसण्यापेक्षा जुन्या युद्धांच्या फायली उघडायची मागणी नेटाने करावी. मुदत संपलेल्या गुपिताला पहारा देण्यात कुठल्याच देशाची सुरक्षा नसते. असते ती कुणाची तरी अब्रू. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन बॉम्ब पडले. तिथे 'जॉन हार्वी' या अमेरिकी जहाजात मस्टर्ड गॅसचे, म्हणजे कातडी जाळणाऱ्या विषारी रसायनाचे, दोन हजार बॉम्ब होते, आणि हे रुग्णालयाला कुणी सांगितलं नाही. तेलात आणि गॅसमध्ये भिजलेले खलाशी ओल्या कपड्यांनिशी ब्लँकेटात गुंडाळून ठेवले गेले. ६०० हून अधिक जणांना बाधा झाली, ८३ मेले; शहरातल्या सामान्य माणसांची गणती त्यात नाही. डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर यांनी कारण ओळखलं, तर चर्चिल यांच्या सांगण्यावरून ब्रिटिश कागदांत 'शत्रूच्या कारवाईतल्या भाजलेल्या जखमा' असं लिहिलं गेलं. याच अलेक्झांडर यांच्या निरीक्षणांनी पुढे कर्करोगावरच्या औषधांना हात दिला, हा भाग सगळे अभिमानाने सांगतात.

कधी कधी गुप्तता लष्करीदृष्ट्या अगदी बरोबर असते, तेही सांगायला हवं. जपानने १९४४-४५ मध्ये कागदी फुग्यांना बॉम्ब लावून सुमारे ९,३०० फुगे वाऱ्यावर सोडले, थेट पॅसिफिक ओलांडून. अमेरिकेने त्याची बातमी छापू दिली नाही. त्यामुळे फुगे पोचतायत की नाही हेच जपानला कळेना आणि त्यांनी नाद सोडला. डाव साधला. पण ५ मे १९४५ ला ऑरेगनमधल्या ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेल्या मुलांना झाडीत एक फुगा दिसला. पाच मुलं आणि त्यांच्यासोबतची एक गरोदर बाई मेली. त्यांना फुग्याबद्दल कुणीच सावध केलं नव्हतं. त्यानंतर बंदी उठवली गेली.

आणि शेवटी एक प्रकरण, ज्यावर मी आजवर एकही दंतकथा ऐकलेली नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहाहून अधिक वर्षं ब्रिटनच्या पोर्टन डाऊन या रासायनिक शस्त्रांच्या प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ रावळपिंडीत होते. मस्टर्ड गॅस गोऱ्या कातडीपेक्षा हिंदुस्थानी कातडीला जास्त जाळतो का, हे त्यांना बघायचं होतं. ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या शेकडो शिपायांवर चाचण्या झाल्या. काहींना अर्ध्या चड्डीत आणि सुती सदऱ्यात गॅसच्या खोलीत पाठवलं. भाजलेल्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींच्या अंगावरच्या जखमा मोठ्या होत्या. हे कागद लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते, आणि २००७ साली एका ब्रिटिश वर्तमानपत्राने ते छापले. चाचणीनंतर त्या शिपायांना पुढे काही आजार जडले का, हे कुणी तपासलं नव्हतं. गॅस किती, वेळ किती, कातडीचा किती भाग भाजला, याचे आकडे मात्र नीट टिपून ठेवलेले आहेत.